आत्याला काय झालं होतं?

अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या प्रत्येक बाईची, आणि कमी वयात स्तनाचा कॅन्सर झालेल्या प्रत्येकीची, बीआरसीए जनुकांची, म्हणजे ज्यांच्यात जन्मजात दोष असला की या कॅन्सरांचा धोका वाढतो त्या दोन जनुकांची, तपासणी सरकारी खर्चाने झाली पाहिजे. तिची सुरुवात पुण्याने करावी, कारण त्यासाठी लागणारी डोकी आणि यंत्रं या शहरात आधीच आहेत. तुटलेला डीएनए पेशी कसा जोडते याबद्दल गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे कळलं, त्यातून ही मागणी सरळ निघते. मी बरीच वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं आहे, म्हणून आधी ती पेशीतली गोष्ट नीट सांगते आणि मग मागणीकडे येते.

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळून ठेवलेला असतो आणि त्याला रोज हजारो ठिकाणी इजा होते. ऊन, किरणोत्सर्ग, तंबाखूचा धूर ही कारणं सगळ्यांना माहीत असतात. पण बरीचशी इजा पेशीच्या रोजच्या जगण्यातूनच होते: श्वसनात तयार होणारे ऑक्सिजनचे दाहक रेणू, भोवतालचं साधं पाणी, डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका. डीएनए हा आपण समजत होतो तितका टिकाऊ रेणू नाही, तेव्हा पेशीत दुरुस्ती अखंड चालू असलीच पाहिजे, हे टॉमस लिंडाल यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांना डीएनएच्या दुरुस्तीवरच्या कामासाठी मिळालं.

यातली सगळ्यात घातक इजा म्हणजे दोन्ही धागे एकाच जागी तुटणं. एकच धागा तुटला तर समोरचा शाबूत असतो, त्यावरून गेलेली अक्षरं भरता येतात. दोन्ही तुटले की गुणसूत्राचे दोन तुकडे होतात आणि मधला मजकूर काय होता हे सांगायला जागेवर कुणी उरत नाही. अशा वेळी पेशीकडे मुख्यतः दोन मार्ग असतात. पहिल्यात ती तुटलेली टोकं शेजारी आणते आणि जोडून टाकते. फाटलेलं कापड कडेला कड लावून शिवावं तसं हे काम आहे: झटपट होतं, पण शिवणीत दोन-चार धागे जातातच. दुसरा मार्ग रफूचा. त्यासाठी त्याच विणीचं दुसरं कापड समोर लागतं, आणि ते पेशीत कायम नसतं. विभाजनापूर्वी डीएनएची नक्कल होते तेव्हाच प्रत्येक गुणसूत्राला जुळी प्रत मिळते, आणि विभाजन होईपर्यंत तेवढाच काळ ती शेजारी असते.

यातला कुठला मार्ग कधी घ्यायचा हे पेशी कसं ठरवते, हा मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. निर्णय होतो तो तुटल्या टोकांपाशी. टोकं आहेत तशी राहिली तर कू नावाचं कड्याच्या आकाराचं प्रथिन काही सेकंदांत त्यांच्यावर चढतं आणि थेट जोडणीला सुरुवात होते. टोकाचा एक धागा कुरतडून दुसरा उघडा केला, की ती वाट जवळपास बंद होते आणि जुळी प्रत पाहूनच दुरुस्ती करावी लागते. म्हणून कुरतडायचं की नाही, हाच कळीचा प्रश्न. कुरतडणाऱ्या यंत्रणेत सीटीआयपी नावाचं एक प्रथिन आहे. त्याला फॉस्फेटचा गट चिकटल्याशिवाय ते नीट कामाला लागत नाही. तो चिकटवतात सीडीके नावाची विकरं (एन्झाइम), आणि हीच विकरं पेशीला विभाजनाच्या एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात नेत असतात. म्हणजे ज्या इशाऱ्यावर डीएनएची नक्कल सुरू होते, त्याच इशाऱ्यावर कुरतडण्याचीही परवानगी मिळते. नक्कल होण्याआधी सीडीकेचा जोर नसतो, तेव्हा पेशी थेट जोडणीवर भागवते. प्रतच नसताना ती शोधत बसायची वेळ तिच्यावर येत नाही.

विभाजन ऐन भरात असतं, गुणसूत्रं दोन्हीकडे ओढली जात असतात, तेव्हा तर पेशी दोन्ही मार्ग आवरते. तुटल्या जागी खूण करते आणि काम पुढे ढकलते. याचं कारण टोरांटोच्या एका प्रयोगशाळेने २०१४ मध्ये दाखवलं: त्या वेळी दुरुस्ती सुरू ठेवली तर गुणसूत्रांची मूळची, निरोगी टोकंच एकमेकांना जोडली जाऊ लागतात. इतक्या लहान जागेत इतका विवेक असतो, हे वर्गात सांगताना मला दर वेळी नवल वाटायचं.

आता बीआरसीए-१, म्हणजे त्याच नावाच्या जनुकावरून तयार होणारं प्रथिन. तुटल्या टोकांवर ५३बीपी१ नावाचं एक प्रथिन पहारा देतं आणि ती कुरतडू देत नाही. जुळी प्रत तयार झाल्यावर या पहारेकऱ्याला बाजूला सारणं हे बीआरसीए-१ चं एक मोठं काम आहे. बीआरसीए-२ त्याच्या पुढच्या पायरीवर येतं. ते उघड्या धाग्यावर आरएडी५१ या प्रथिनाची रांग लावून देतं आणि ती रांग जुळ्या प्रतीतली नेमकी जागा हुडकते. बीआरसीए-१ चा मोठा भाग काढून टाकलेले उंदीर गर्भातच दगावतात. त्यांच्यातून ५३बीपी१ सुद्धा काढलं तर मात्र ते जन्मतात आणि जगतात. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. बीआरसीए-१ गेल्यावर पेशीतली दुरुस्ती काही बंद पडत नाही, ती भलत्या वेळी भलत्या मार्गाने होत राहते. प्रत शेजारी असूनही टोकं थेट जोडली जातात, एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला लागतो, आणि अशा पेशींच्या पिढ्यांमधून कधीतरी एक गाठ उभी राहते.

हा दोष कुटुंबातून येतो. बीआरसीए-१ सतराव्या गुणसूत्रावर आहे हे अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवलं, जनुक प्रत्यक्ष हाती लागलं १९९४ मध्ये. तेराव्या गुणसूत्रावरचं बीआरसीए-२ वर्षभराने सापडलं. प्रत्येकाकडे या जनुकांच्या दोन प्रती असतात. एक सदोष प्रत घेऊन जन्मलेली बाई तरुणपणी ठणठणीत असते, कारण दुसऱ्या प्रतीवर काम निभावतं. एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली की तिथे दुरुस्तीचं नियमन कोसळतं. आणि ही गुणसूत्रं लिंग ठरवणारी नसल्यामुळे सदोष प्रत बापाकडून येण्याची शक्यता आईइतकीच असते. मुलगा असो की मुलगी, प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता पन्नास टक्के. बापाला स्वतःला बहुधा काही झालेलं नसतं. पुरुषांना प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा, क्वचित स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो, पण बहुतेकांच्या आयुष्यात तो दोष निमूट पुढच्या पिढीत जातो.

इथे आपली समाजरचना आड येते. शेजारच्या एका वहिनींना घेऊन मी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात गेले होते. अंडाशयाच्या कॅन्सरचं निदान नुकतंच झालं होतं. तरुण निवासी डॉक्टर भराभर केसपेपर भरत होती, मागे रांग दारापर्यंत गेलेली. तिने विचारलं, "काकू, घरात आणखी कुणाला कॅन्सर?" वहिनी म्हणाल्या, "नाही हो. आई अगदी म्हातारी होऊन गेली, मावश्या अजून शेतात जातात." डॉक्टरने रकान्यात फुली मारली. रक्त द्यायच्या खिडकीपुढे उभं असताना वहिनी आपणहून बोलायला लागल्या. "आत्या माझी चाळिशीतच गेली. पोटात पाणी झालं होतं. दोनदा काढलं, परत भरलं." मी विचारलं, "आणि दुसरी आत्या?" तर म्हणाल्या, "तिचं छातीचं काहीतरी होतं. पण ती दिली होती तिकडे सांगलीकडे, आम्हाला कुठे नीट कळलं." आम्ही परत आत गेलो आणि सांगितलं, तेव्हा ती फुली खोडली गेली.

लग्न होऊन गेलेल्या मुलीचा आजार आपल्याकडे सासरच्या घरचा होतो. आत्याचं दुखणं माहेरच्या आठवणीत पुरतं नोंदलंच जात नाही, आणि "घरात" म्हटलं की बाईच्या डोळ्यांपुढे आई आणि मावश्या येतात. पोटात पाणी होऊन गेलेली बाई कॅन्सरने गेली असं घरात कुणी म्हणत नाही, कारण तसं त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. केसपेपरवर वडिलांकडच्या बायकांसाठी वेगळा रकाना छापला आणि "कोण कशाने, कितव्या वर्षी गेलं" असं विचारलं, तर यातलं बरंच उजेडात येईल. त्याला पैसा लागत नाही. पण लहान कुटुंबं, दोन-दोन भाऊ, एकही आत्या नाही, अशा घरांत कितीही विचारलं तरी हाती काही लागणार नाही. म्हणून इतिहास पाहून निवडक जणींची तपासणी करण्यापेक्षा, अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या प्रत्येकीची करणं योग्य. अंडाशयाच्या कॅन्सरच्या सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या प्रकारात पाच-सहा रुग्णांमागे एकीत बीआरसीएचा जन्मजात दोष सापडतो. अमेरिकेतल्या क्लिनिकल ऑन्कॉलॉजी सोसायटीने २०२० मध्ये प्रत्येक रुग्णाच्या तपासणीची शिफारस केली ती यासाठीच. भारतात २०२२ या एका वर्षात अंडाशयाच्या कॅन्सरच्या सुमारे ४७ हजार आणि स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा अंदाज जागतिक पाहणीत दिला आहे.

तपासून करायचं काय, असं कुणी विचारेल. करण्यासारखं पुष्कळ आहे. बीआरसीए-१ मध्ये घातक दोष असलेल्या बाईला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ५५ ते ७२ टक्के, अंडाशयाचा होण्याची ३९ ते ४४ टक्के असते. बीआरसीए-२ साठी हे आकडे अनुक्रमे ४५ ते ६९ आणि ११ ते १७. स्तनांची दरवर्षी एमआरआय तपासणी केली तर गाठ लहान असताना सापडते. अंडाशयाच्या कॅन्सरला मात्र लवकर पकडणारी भरवशाची चाचणी अजून नाही. म्हणून मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर पस्तिशी ते चाळिशीत, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला देतात. त्याने अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो. ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते आणि आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना ती करता येते. पाळी अकाली जाते, हाडं आणि हृदय यांची पुढे काळजी घ्यावी लागते, हे त्या बाईला आधी सांगितलं पाहिजे. ठरवायचं तिने. पण ठरवण्याची संधी आज फक्त पैसेवालीला मिळते.

ज्यांना आजार झालेलाच आहे त्यांच्यासाठी औषध आहे, आणि ते या दुरुस्तीच्या ज्ञानातूनच आलं. पार्प नावाचं विकर एकेरी तुटी सांधायला मदत करतं. ते अडवलं की त्या तुटी साचतात आणि नक्कल होताना दुहेरी होतात. निरोगी पेशीकडे बीआरसीएची एक चांगली प्रत असते, ती निभावून नेते. गाठीतल्या पेशीने दोन्ही प्रती गमावलेल्या असतात, तिला हा भार पेलत नाही आणि ती मरते. २००५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हे दाखवलं, २०१४ मध्ये पार्पला अडवणाऱ्या ओलापॅरिब या औषधाला मान्यता मिळाली. २०१८ मधल्या मोठ्या चाचणीत, बीआरसीएचा दोष असलेल्या आणि नव्याने निदान झालेल्या अंडाशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये, आजार पुन्हा बळावण्याचा किंवा मृत्यूचा धोका या गोळ्यांनी ७० टक्क्यांनी घटला. गोळ्या महाग आहेत. पण औषध परवडत नाही म्हणून तपासणीच नको, हा युक्तिवाद मला मान्य नाही. किती रुग्णांना ते लागेल हा आकडाच सरकारकडे नसेल, तर एकत्रित खरेदीसाठी भाव पाडून मागायचा कशाच्या जोरावर? शिवाय तपासणीचा निम्मा उपयोग त्या रुग्णाच्या बहिणींना, भावांना आणि मुलांना आहे.

खर्चाचं म्हणाल तर ही तपासणी आयुष्यात एकदाच करायची असते. एका व्यक्तीत दोष सापडला की घरातल्या इतरांची जनुकं पूर्ण वाचावी लागत नाहीत, तेवढी एक जागा पाहिली की पुरतं, आणि ते बरंच स्वस्त पडतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने आणि महापालिकेच्या शहरी गरीब योजनेने हजारो कुटुंबांना तारलं आहे हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण या योजनांचा सगळा रोख आजार झाल्यानंतरच्या उपचारांवर आहे. तीन बहिणींपैकी थोरलीच्या शस्त्रक्रियेवर आणि केमोवर लाखो रुपये खर्च करायचे आणि धाकट्या दोघींना वाचवू शकणारी तपासणी मात्र त्यांच्या पदरच्या पैशांवर सोडायची, यात मला ना माणुसकी दिसते ना हिशेब.

गंभीर आक्षेप दुसरा आहे. जनुकात बदल सापडतो, पण तो घातक की निरुपद्रवी हे सांगता येत नाही, असं आपल्याकडे वारंवार होतं, कारण तुलनेसाठीची माहिती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. अशा अनिश्चित निकालावरून कुणाचे अवयव काढणं गैर. मात्र यावरचा उपाय तपासण्या वाढवणं हाच आहे. आपल्याकडे शेकडो वर्षं जातीत लग्नं झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समूहांपैकी ८१ समूह असे निघाले, की ते मोजक्या पूर्वजांपासून वाढले आणि बाहेर फारशी सोयरीक न झाल्याने त्यांच्यात विशिष्ट दोष दाट झालेले असू शकतात. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंमध्ये बीआरसीएचे ठरावीक तीन दोष असेच दाट झालेले आहेत, आणि इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने ज्यू नागरिकांना मोफत तपासणी देऊ केली. आपल्याकडच्या कुठल्या समूहात काय आहे हे तपासल्याशिवाय कसं कळणार? जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांच्या जीनोमची, म्हणजे संपूर्ण डीएनएची, माहिती २०२५ च्या सुरुवातीला संशोधकांसाठी खुली केली. पाया पडला आहे, त्यावर रुग्णांची माहिती रचायची आहे.

तिसरी भीती बायका माझ्याकडे हळू आवाजात बोलून दाखवतात: मुलींचं लग्न. पत्रिकेत मंगळ पाहणारी माणसं उद्या रिपोर्टही पाहायला मागतील. ही भीती खोटी नाही. तपासणीचं तंत्र बायकांवरच कसं उलटवलं जातं हे महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाच्या वेळी पाहिलं, आणि त्याविरुद्ध कायदा करणारं पहिलं राज्यही महाराष्ट्रच, १९८८ मध्ये. तोच धडा इथे लावायला हवा. अमेरिकेत नोकरी आणि आरोग्यविम्यात आनुवंशिक माहितीवरून भेदभाव करायला २००८ च्या कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असा भेदभाव समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवला, पण स्वतंत्र कायदा नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही आनुवंशिक माहितीला वेगळं संरक्षण नाही. तपासणी योजना आणि हा कायदा बरोबरीने यायला हवेत. अठरा वर्षांखालच्या मुलींची तपासणी करायची नाही, निकाल त्या व्यक्तीशिवाय नवऱ्याला, सासऱ्याला, कुणालाही द्यायचा नाही, हे नियम तर पहिल्या दिवसापासून.

पुण्यात हे शक्य आहे असं मी म्हणते ते विचार करून. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, पाषाणला आयसर ही विज्ञानशिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे, आणि स्टेशनजवळ ससून आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, जिथे पुणे जिल्ह्यासोबत शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. यीस्टमधली, उंदरांमधली डीएनए दुरुस्ती समजलेली माणसं आणि पोटात पाणी भरलेली बाई यांच्यात रिक्षाने अर्ध्या तासाचं अंतर आहे. जिल्हा नियोजन समितीने निधी द्यावा, महाविद्यालयाने नमुने आणि रुग्णांची जबाबदारी घ्यावी, अनिश्चित निकालांचा अर्थ लावायला संशोधन संस्थांनी माणसं द्यावीत. पहिल्या वर्षी फक्त अंडाशयाच्या कॅन्सरच्या रुग्ण घ्याव्यात, म्हणजे आवाका झेपेल. निकाल उपचाराचा पुढचा टप्पा ठरण्याआधी हातात पडला पाहिजे, नाहीतर औषधाची वेळ निघून जाते. आणि दोष सापडलेल्या बाईच्या बहिणी-भावांना शोधून, समजावून बोलावण्याचं काम आशाताईंच्या यादीत आणखी एक म्हणून घालू नये. त्याला प्रशिक्षित समुपदेशक लागतो. मानवी आनुवंशशास्त्रात एमएस्सी केलेली, मराठीत शांतपणे बोलू शकणारी मुलं-मुली या शहरात नोकरी शोधत आहेत. त्यांच्यासाठी दोन पदं, कायमस्वरूपी, आणि बोलायला दार बंद होणारी एक खोली एवढं तरी पहिल्या अंदाजपत्रकात असावं.